बीपी पडतं म्हणून प्रोपोफॉल सोडावं का?

विट्याच्या छोट्या हॉस्पिटलात नुकतीच भूल द्यायला लागलेल्या डॉक्टरांनी विचारलंय: शिरेतून द्यायच्या प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाने वयस्कर पेशंटचं बीपी पडतं, मग अशा सगळ्यांनाच केटामाइन किंवा इटोमिडेट ही भुलीची दुसरी औषधं दिली तर काय हरकत?

हरकत आहे. आधी डोस आणि वेग सुधारा, औषध नंतर बदला.

तरण्या, धडधाकट माणसाला प्रोपोफॉल किलोला २ ते २.५ मिग्रॅ लागतं. सत्तरीपुढे १ ते १.५ पुरतं, अंगात पाणी कमी असेल किंवा हृदय कमकुवत असेल तर त्याहूनही कमी. ४५ किलोच्या आजींना १० मिली, म्हणजे १०० मिग्रॅ, एका दमात ढकललं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी कोसळतं. त्याऐवजी २ मिली द्या आणि थांबा. या वयात औषध हातातून मेंदूपर्यंत पोचून असर दिसायला मिनिटभर सहज जातं. बोलवून बघा, पापणीच्या केसांना हलकं बोट लावून बघा, मगच पुढचा १ मिली. चूक बहुतेक वेळा इथेच होते: असर दिसेना म्हणून दुसरा डोस घाईने जातो आणि दोन्ही एकदम लागू पडतात. आधी फेंटानिल (वेदनाशामक) किंवा मिडाझोलाम (गुंगीचं औषध) दिलं असेल तर आणखी कमी लागेल. बीपी वाढवणारं मेफेंटरमाइन ३० मिग्रॅ १० मिलीत करून, लेबल लावून आधीच भरून ठेवा; २ मिलीत ६ मिग्रॅ जातं.

प्रोपोफॉल जाताना हात झोंबू नये म्हणून मोठी शीर आणि लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) २० ते ४० मिग्रॅ. उरलेलं प्रोपोफॉल पुढच्या पेशंटला कधीच नको. त्यातल्या स्निग्ध पदार्थावर जंतू झपाट्याने वाढतात.

केटामाइनची खरी जागा म्हणजे उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला, रक्तस्राव झालेला पेशंट. एरवी किलोला १ ते २ मिग्रॅ देतो, इथे ०.५ ते १. ते बीपी राखतं ते शरीरातलं अ‍ॅड्रेनलिन बाहेर काढून. तो साठाच संपलेला असेल तर केटामाइननेही बीपी पडतं. व्हायलचं लेबल वाचा: मिलीला ५० मिग्रॅ असेल तर १ मिलीचे ५ मिली करूनच द्या. लाळ सुटते, सक्शन सुरू ठेवा. पण तुमच्या त्या आजींना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर वाढलेले ठोके आणि बीपी त्यांना महागात पडतील.

इटोमिडेट, किलोला ०.२ ते ०.३ मिग्रॅ, हृदयाला सगळ्यांत सौम्य. मात्र एका डोसनेही अ‍ॅड्रेनल ग्रंथीचं कॉर्टिसॉल तयार करणं काही तास, कधी दिवसभर दबतं. म्हणून सेप्सिसच्या (अंगभर पसरलेल्या गंभीर जंतुसंसर्गाच्या) पेशंटला मी ते टाळायला सांगेन. स्नायूंचे झटके आणि उलट्याही जास्त.

थायोपेंटोन हे भुलीचं औषध स्वस्त आहे, पण बीपी तेही पाडतं. ते इतकं अल्कधर्मी की शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, आणि सलाइनने नळी धुतल्याशिवाय व्हेक्युरोनियम (स्नायू सैल करणारं औषध) दिलं तर नळीतच पांढरा साका धरतो.

आणि तुमच्याकडे तासगाव पट्ट्यातले द्राक्षबागायतदार येत असतील तर फवारणी कधी केली हे जरूर विचारा. ऑर्गनोफॉस्फेट हे कीटकनाशक अंगात गेलं असेल तर स्कोलीनचा (स्नायू झटकन सैल करणाऱ्या औषधाचा) असर, जो एरवी काही मिनिटांत उतरतो, तो तासन्‌तास टिकू शकतो. अशा पेशंटला स्कोलीन नकोच.