माळकरी घरात शारजाच्या मांजरी

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव घाटंजी तालुक्यात, पाच एकर कपाशी-तूर आहे, मी अन् आमचे हे दोघंही माळकरी. पोरगा अन् सून 6 वर्षांपासून शारजाले राहून रायले. दोघांचंही मन लय मऊ, रस्त्यावर मांजर दिसली की आणली घरी. कोणतं गाडीच्या बोनेटमधून काढलेलं, कोणतं भर उन्हात एसीच्या टपटप पाण्याखाली बसलेलं पिल्लू, असं करत करत दोन खोल्यांत 11 मांजरी झाल्या. व्हिडिओ कॉलवर बोलतानाही सून एका डोळ्याच्या बोक्याले मांडीवर घेऊन औषधाचे थेंब टाकत असते, मले पाहून भरून येते. आता तिले तिसरा महिना लागला, दिवाळीनंतर दोघंही कायमचे गावी येऊन रायले अन् म्हणतात मांजरी सोडून येणार नाही. शेजारणी म्हणतात पोटुशी बाईच्या घरात मांजर नको. आमच्या घरात मटण-मासळी शिजत नाही, दूध-पोळीवर भागते का त्यांचं? अन् 11 च्या 11 विमानात येतात का?

— एक आई, जि. यवतमाळ

उत्तर : काकू, अवघड गोष्ट आधी सांगून टाकते, 11 येणार नाहीत. निदान 2 वर्षं बाहेर राहून भारतात परत राहायला येणाऱ्या माणसाला सामानासोबत 2 पाळीव प्राणी आणता येतात, म्हणजे दोघांचे मिळून 4. दुसऱ्या कोणाच्या नावावर आणायच्या भानगडीत पोराला पडू देऊ नका, विमानतळावर कागदात अडकलं की हाल त्या जिवाचे होतात.

मग कोणत्या 4? मी असते तर जास्त लाडाच्या नाही, ज्यांना दुसरं कोणी घेणार नाही त्या आणल्या असत्या. देखणी, तरणी मांजर तिथंही कोणीतरी हौसेनं ठेवून घेईल, पण डोळा गेलेल्या बोक्याला कोण विचारते? बाकीच्या 7 साठी घरं शोधायला आजपासूनच लागा म्हणावं. नसबंदी, लसी झालेल्या असल्या, कार्ड सोबत असलं तर लोकं लवकर तयार होतात, अन् ज्या दोघी एकमेकींना बिलगून झोपतात त्यांची जोडी तोडू नका. परत रस्त्यावर मात्र अजिबात सोडायच्या नाहीत. तिथं नसबंदी करून, कानाचं टोक कापून मांजर परत तिच्या जागी सोडतात हे खरं आहे, पण ती मांजर तिथलीच असते, तिला पाणी कुठं अन् सावली कुठं सगळं ठाऊक असते. इतकी वर्षं गादीवर झोपलेल्या मांजरीला ते कसं माहीत असेल?

कागदांचं म्हणाल तर मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळख-नंबराची मायक्रोचिप, रेबीजची लस निघायच्या निदान 30 दिवस आधी अन् वर्षाच्या आतली, तिथल्या सरकारी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला, आणि आपल्या इकडच्या ॲनिमल क्वारंटाइन ऑफिसची, म्हणजे बाहेरून येणारी जनावरं तपासणाऱ्या सरकारी ऑफिसची, परवानगी. हे ऑफिस दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्याच ठिकाणी आहे, नागपूरला नाही, म्हणून तिथं थेट उतरता येत नाही. तुम्हाला मुंबईपेक्षा हैदराबाद बरं पडेल, तिथून 44 नंबरच्या हायवेनं आदिलाबाद, पांढरकवडा अन् मग घर, रात्री गाडी काढली तर मांजरी पिंजऱ्यात झोपूनही जातील. तिकीट काढायच्या आधी हैदराबादच्या ऑफिसला एकदा विचारून घ्या, कागदांची यादी बदलत असते.

आता सुनेचं. शेजारणींच्या बोलण्यात एक खरा धागा आहे पण त्याची भीती नको तेवढी झाली. पोटातल्या बाळाला बाधू शकणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजरीच्या शीतून येतो, तोही बहुतेक करून पहिल्यांदाच लागण झालेल्या मांजरीच्या, दोन-तीन आठवडे. आणि ती शी पडल्यापासून निदान एक दिवस तरी गेल्याशिवाय लागण होत नाही. म्हणून वाळूचा ट्रे रोजच्या रोज साफ करायचा, अन् तो मुलानं करायचा, सुनेनं नाही. हाच जंतू न धुतलेल्या भाजीतून, वावरातल्या मातीतून, कच्च्या मटणातूनही येतो, त्यामुळे सांभार (कोथिंबीर)-पालक नीट धुवून घ्या. सुनेच्या डॉक्टरांना मांजरी आहेत हे सांगून रक्ताची तपासणी करून घ्या, मांजरी घराबाहेर काढायची काही गरज नाही.

खाण्याचं मात्र मी तुमच्या मनासारखं सांगू शकत नाही. दूध-पोळीवर मांजर जगल्यासारखी दिसते, पण तिला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागते अन् ते मांस-मासळीतूनच मिळते. ते नसलं की डोळे जातात, हृदय फुगते, हृदयाचं तर 1987 मध्ये संशोधनातून दिसून आलं. मोठ्या मांजरीला बहुतेक वेळा दूध पचतही नाही, हगवण लागते. तुमच्या चुलीवर काही शिजवू नका, तयार कोरड्या खाण्यात टॉरिन घातलेलं असते, पोतं ओसरीवर ठेवायचं, वाट्या वेगळ्या, घालायचं पोरानं. तुमची माळही राहते, तिचं पोटही भरते.

अन् पहिले तीन-चार आठवडे एकाच खोलीत ठेवा, नंतरही मोकळं सोडू नका. तोवर कपाशीची फवारणी बरीचशी सरलेली असेल तरी पंप, रिकाम्या बाटल्या, कोठीतलं उंदराचं औषध, विषानं मेलेला उंदीर, घोणस, गावचे कुत्रे, एवढं सगळं त्या फ्लॅटमधल्या मांजरीनं कधी पाहिलेलं नाही.

एक गोष्ट मला फार लागलेली आहे. आमच्या दवाखान्यात एका माणसानं मांजर टोपल्यात घालून आणली होती, अंगावर लुगड्याचा तुकडा पांघरलेला, ताप होता म्हणून घरच्यांनी मायेनं पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिलेली. तोंड सुजलेलं, हिरड्या चहासारख्या तपकिरी, श्वास घेताना पोट हलत होतं. वाचली नाही. माणसाची कोणतीच गोळी मांजरीला देऊ नका काकू, पॅरासिटामॉल तर घरातल्या लेकराच्या हातूनही नको. काही झालं तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात या, मोठं काम असलं तर नागपूरचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था आहे.

खिडक्यांना जाळी अन् दाराला जाळीचं दुसरं दार एवढं आत्ताच करून घ्या, दिवाळीच्या तोंडावर सुतार सापडत नाही.