मुलाचा आवाज फुटला, आता गाणं बंद करायचं का?

मी समुपदेशक, दहावी-बारावीच्या टेन्शनखालोखाल माझ्याकडे जळगावात येणारा हा ठरलेला प्रश्न. काल परत एका आईने फोनवर विचारला म्हणून ही जुनी केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा चौदाचा, अमळनेरकडचा. पाच वर्षं क्लास, मध्यमा प्रथम या गाण्याच्या परीक्षेचा फॉर्म भरलेला. गणपतीत गाताना तार सा ला (वरच्या सा ला) आवाज चिरकला, पोरं फिदीफिदी हसली आणि तेव्हापासून हा तानपुऱ्याचं ॲप पण उघडेना. सरांनी सांगितलं रियाज वाढव, आईने सांगितलं मोबाईल कमी कर. माझ्याशी पण एकच वाक्य बोलला, "मना आवाज गया," म्हणजे माझा आवाज गेला.

आता माझी चूक सांगते. मी याला स्टेजची भीती समजले आणि दोन सेशन श्वासाचे व्यायाम करून घेण्यात घालवले. अहो, भीती होतीच पण ती नंतरची, आधी गळा बदलला होता. साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक (सा ते वरचा सा एवढा) खाली येतो आणि तो बसेपर्यंत मधेच फाटतो. मुलींचा पण बदलतो, पण थोडाच, आणि इथेच मेख होती, कारण बॅचमध्ये सात मुली आणि हा एकटा मुलगा, सगळे काळी चारमध्ये, म्हणजे मुलींना सोयीच्या उंच पट्टीत, गाणार!

मग माझ्या ओळखीचे एक नाना आहेत, सत्तरीचे, आयुष्यभर भजनात आणि मैफलीत पेटी धरलेली, त्यांच्याकडे नेलं. नानांनी उपदेश केलाच नाही. पेटी ओढली, म्हणाले फक्त सा लाव, जोर नको. काळी चारला फाटला. पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार असं एकेक पट्टी उतरत गेले, प्रत्येक वेळी भाता हलकेच सोडायचे आणि पोराकडे न बघता थांबायचे. काळी दोनला आवाज टेकला, जाडसर, अनोळखी. पोरगं दचकलंच. नाना म्हणाले, "माले बी आसंच व्हयनं व्हतं," आणि मग आपली फजिती सांगितली, लग्नाच्या मांडवात आवाज फुटलेला ती, हा पहिल्यांदा हसला.

सल्ला एवढाच, रोज पंधरा-वीस मिनिटं, खालच्या पट्टीत, पंचमाच्या (प च्या) वर सध्या चढायचं नाही, ओरडून गायचं नाही, बाकी वेळ पेटी शीक आणि ताल पक्के कर. सरांशी मीच बोलले, ते आधी नाराज झाले (वर्षाचा निकाल असतो ना त्यांचा), पण परीक्षा पुढच्या सत्राला ढकलली आणि त्याला वेगळी वेळ दिली. आवाज तीन-चार आठवड्यांच्या वर घोगराच राहिला किंवा दुखत असेल तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, ते माझं काम नाही आणि गुरुजींचंही नाही.

आता तो मुलींच्या बॅचला पेटीची साथ करतो. आई मागे येऊन गेल्या, विचारलं, "मॅडम, तो पहिला आवाज नाहीच का येणार परत?" नाही येणार, म्हटलं. मग माझ्यासमोरच मोबाईलमधला जुना व्हिडिओ लावून बसल्या, मी पण चहा येईपर्यंत ऐकत राहिले.