वर्गाचा ब्लॉग आणि चुकांची धास्ती

चौथीतल्या एका मुलीची आई भेटायला आली, ती चिडूनच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) "बाईंनी वर्गाचा ब्लॉग सुरू केलाय. आता हिच्या शुद्धलेखनाच्या चुका सगळ्यांना दिसणार!" मुलगी बोलायला चुणचुणीत, पण वही उघडली की तिचं पोट दुखायचं. म्हणून ब्लॉगवरचा मजकूर आईच घरी दुरुस्त करून द्यायची, कधी वाक्यंच्या वाक्यं बदलून. तो छापल्यासारखा नीट दिसे. मुलगी मात्र तो उघडूनही बघत नव्हती.

अशी काळजी घेऊन बरेच पालक येतात आणि ती अनाठायी नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चारचौघांत हसं होण्याची भीती वाटतेच. म्हणून आधी मी आईच्या परवानगीनं बाईंशी बोलले. ब्लॉग पासवर्डशिवाय उघडत नव्हता, मुलांचे फोटो आणि आडनावं नव्हती, प्रत्येक प्रतिक्रिया बाईंनी वाचल्यावरच दिसायची. आईला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. शाळांनी हे पहिल्याच पालकसभेत सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मग लिहिण्याकडे वळलो. या वयात अक्षर काढायचं, ऱ्हस्व-दीर्घ आठवायचं आणि सांगायचं ते मनात धरून ठेवायचं, हे सगळं एकदमच करावं लागतं. अक्षराकडे लक्ष गेलं की विचार निसटतो. त्यामुळे मी सुचवलं, तिला आधी बोलू द्या, ते फोनवर रेकॉर्ड करा, मग ऐकत ऐकत तिचं तिला लिहू द्या. तुम्ही हात लावू नका.

तिनं लिहिलं, "मुग्या रांगेत जातात. मी बोट ठेवलं तर त्या गोंधळल्या." वर्गातल्या एका मुलानं खाली विचारलं, "मुंग्या परत येताना पण त्याच रांगेतून येतात का?" दुसऱ्या दिवशी ही भिंतीपाशी उकिडवी बसून बघत राहिली आणि मग सहा ओळी लिहिल्या, कुणी न सांगता. त्यात 'मुंग्या'वर अनुस्वार होता. त्या मुलाच्या प्रश्नात तिनं तो पाहिला होता. मुंग्या वासाच्या मागावरून चालतात, हे बाईंनी त्यानंतर वर्गात सांगितलं, तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न हिचेच होते.

फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी 1920 च्या दशकात वर्गात छापखाना आणला होता. मुलं आपलं लिहिलेलं छापून दुसऱ्या शाळांना पाठवत आणि तिकडून उत्तरं येत. साधन आता बदललं आहे. मुलाला लिहितं करतो तो खरा वाचक, तपासनीस नव्हे. म्हणूनच घरच्यांनी प्रतिक्रियेत "छान" किंवा "अक्षर सुधार" असं लिहून थांबू नये. आपल्याला खरोखर जे जाणून घ्यायचंय ते विचारावं.

"मग चुका सुधारायच्या कधी?" आईनं विचारलं. आठवड्यातून एकदा, तिच्याच लिखाणातली एकच प्रकारची चूक घेऊन, तिच्या शेजारी बसून. या मुलीची जोडाक्षरं अजूनही अडतात. पुढच्या काही महिन्यांत फरक पडला नाही, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं शिकणं फार जड जातं का याची, तपासणी करून घ्यायची, हे आम्ही ठरवलं आहे. त्या तपासणीची जागा ब्लॉग घेऊ शकत नाही, हेही आईला स्पष्ट सांगितलं.