बाबांसाठी ज्येष्ठांच्या निवासात फिजिओथेरपीचे वेगळे पैसे भरावेत का?

तुमचे बाबा ७८ वर्षांचे आहेत, खुर्चीतून उठताना हात टेकतात, आणि गोव्यातल्या ज्या निवासात त्यांना ठेवायचं ठरतंय तिथे फिजिओथेरपीचे दरमहा वेगळे पैसे मागतात. ते भरावेत की नाही, असं विचारलंत. भरा. पण कशाचे भरताय ते आधी बघा. याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं अजून धड बोलणं नाही, म्हणून इतकं लिहितेय.

आई पावसाळ्यात फोंड्याच्या घरी मागल्या अंगणात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन वेळेत झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून तिला उभीही केली. पण आमच्या घरात पायरी उतरल्याशिवाय न्हाणीघरात जाता येत नाही आणि मी दिवसभर नोकरीवर. म्हणून उत्तर गोव्यातल्या एका खासगी निवासात तिची सोय केली. जागा स्वच्छ, जेवण वेळेवर, मदतनीस मुली खरंच प्रेमळ. नुकसान त्या प्रेमानेच झालं. आई वॉकरने जेवणघरापर्यंत जायची तर वेळ लागायचा आणि वाढप खोळंबायचं. मग "आजी, बसा, आम्ही नेतो" म्हणत व्हीलचेअर आली. आधी फक्त जेवणापुरती, मग आरतीला, मग बागेत. संडासला नेताना दोघीजणी काखेत हात घालून तिला उचलायच्या. तिच्या मांड्या माझ्या डोळ्यांदेखत बारीक झाल्या. तिथे फिजिओ यायचा, पण तो गुडघ्याला शॉकचं मशीन लावायचा, वीस मिनिटं मोबाइल बघायचा आणि वहीवर सही घेऊन जायचा.

मी तक्रार केली तर दादा दुबईहून म्हणाला, "अगं, ऐंशी उलटलीय तिची. आता तिला काय शर्यत पळायचीय? सुखाने बसू दे."

बसवून ठेवल्याने काय होतं ते मोजलेलं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ एक किलोने घटलं. आणि "या वयात काय होणार" याचं उत्तर १९९० पासून उपलब्ध आहे. बॉस्टनमध्ये डॉ. मारिया फियातारोने यांनी शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या माणसांकडून ८ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. हे मी दादाला पाठवलं. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

मी म्हापशाची एक बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेली मुलगी शोधली. तिने मशीन आणलंच नाही. पहिल्यांदा आईला विचारलं, "तुम्हाला स्वतःचं स्वतः काय करायचंय?" आई म्हणाली, "संडासात मला कुणी धरायला नको." तेवढंच ध्येय ठरलं. खुर्चीवर जाड उशी ठेवून उठायचं, मग सावकाश, मनात अंक मोजत बसायचं. जमायला लागलं की पातळ उशी, मग उशीशिवाय. खिडकीचा गज धरून टाचा उचलायच्या. घोट्याला वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करायचा. वॉकरही तिने दुरुस्त केला. हात खाली सोडले की मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, आईचा चांगला चार बोटं बुटका होता, म्हणून ती वाकून चालायची. रात्रीची नुसती पेज बंद झाली, सोबत अंडं किंवा मासळी आली. या वयात व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅमहून थोडी जास्तच प्रथिनं लागतात.

व्यवस्थापक म्हणाले, पडल्या तर जबाबदार कोण? मी लेखी दिलं. आई पहिले काही दिवस दुखतंय म्हणून रडली आणि दादाने त्याला छळ म्हटलं. पुढे ती कमोडवरून एकटी उठू लागली, भिंतीचा दांडा धरून. त्या वर्षी म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांच्या पूजेलाही, म्हणजे जाईच्या फुलांच्या उत्सवाला, गेली, वॉकर घेऊन, स्वतःच्या पायांनी. दादा रजेवर होता. त्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, "आईच्या जिद्दीला सलाम." जिद्द व्हीलचेअरमध्येही होती तिच्यात. तिला चालू देणारं कुणी नव्हतं.

तुमचं बोलायचं तर निवास बघायला जेवणाच्या वेळी जा आणि किती माणसं स्वतःच्या पायांनी येतात ते बघा. बाबांची चाचणी घरीच घ्या. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहतात ते मोजा. त्यांच्या वयाच्या पुरुषाला ११ जमायला हवेत, आणि हात टेकावा लागला तर शून्यच धरतात. दुसरी, खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. तिथला फिजिओ पहिल्या दिवशी हे मोजून लिहून ठेवत नसेल तर त्याला पैसे देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस सांगते. फिजिओ दोनदाच येणार असेल तर उरलेल्या दिवशी कोण करून घेणार, तेही विचारा.

मशीन अगदी निरुपयोगी असं मी म्हणत नाही. दुखणं कमी करून व्यायाम करता यावा यासाठी ते लावलं तर चालेल. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर आधी झोपून आणि उभं राहून रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० ने उतरत असेल तर व्यायामाआधी डॉक्टर. छातीत दुखणं, धाप लागणं असेल तरीही तेच. स्मृतिभ्रंश खूप वाढलेला असेल तर माझ्या आईसारखं होईल असं धरून चालू नका. पैशांची ओढाताण असेल तर गोमेकॉतल्या, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजातल्या, फिजिओथेरपी विभागात एकदा दाखवून व्यायाम लिहून घ्या आणि निवासातल्या मदतनिसांना शिकवा.

आणि घरात कुणी "बसू दे ना त्यांना सुखाने" म्हणालं, तर त्या माणसाला नाही, बाबांना विचारा. करारात लिहून घ्या की चालता येतंय तोवर वेळ वाचवण्यासाठी त्यांना व्हीलचेअरवर बसवायचं नाही.