फॉरमॅट मारण्याआधी टास्क मॅनेजर उघडून बघा

नमस्कार भाऊ. तुमचा कॉम्प्युटर तुम्ही सांगितलात तो असा: चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केल्यावर दहा मिनिटं माउससुद्धा धड हलत नाही, दुपारी पंखा घरघरतो, आणि याच कॉम्प्युटरवर कृषी सेवा केंद्राची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) अन् मुलीचे प्रवेशाचे फॉर्म. सेलूचा दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारू आणि रॅम वाढवू. माझं म्हणणं असं की मशीन नेमकं कुठं अडतंय ते आधी बघा, तोवर फॉरमॅट मारू देऊ नका.

फॉरमॅटला एवढा विरोध का, तर दुकानात बॅकअप म्हणून बहुतेक वेळा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढंच उचलतात. टॅलीचा डेटा सहसा सी ड्राइव्हवर, यूजर्सच्या आतल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो, तो कुणाच्या ध्यानात येत नाही. खरिपाची सगळी उधारी त्यात असते. टॅलीत कंपनी निवडताना डेटाचा पाथ दिसतो. तो बघून ते अख्खं फोल्डर आजच पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज नव्यानं टाकायची वेळ आलीच, तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर (म्हणजे या मशीनवरून मोकळं) करायला विसरू नका.

आता तपासणी. मशीन चालू करा, काहीही उघडू नका आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा. तिथं तीन आकडे बघायचे: ॲक्टिव्ह टाइम, रीड स्पीड आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम. माझा अंदाज आहे की ॲक्टिव्ह टाइम १०० टक्क्यांवर चिकटलेला दिसेल आणि रीड स्पीड मात्र सेकंदाला एक-दोन एमबी. म्हणजे डिस्क जिवाच्या आकांतानं पळतेय, पण पदरात काही पडत नाही. हार्ड डिस्कचं हेड एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला साधारण १० मिलिसेकंद घेतं, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपासच तुकडे वाचून होतात. विंडोज सुरू होताना विखुरलेल्या हजारो फाइली मागतं, तिथंच सगळं तुंबतं. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच, म्हणून हेच काम ती चुटकीसरशी करते.

रिस्पॉन्स टाइम मात्र हजारो मिलिसेकंदांत दिसला, तर डिस्क नुसती संथ नसून मरायला टेकलेली असू शकते. खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळं ‘गुड’ आलं तर ठीक. पिवळं ‘कॉशन’ आलं आणि ०५, सी५ किंवा सी६ या (खराब सेक्टर मोजणाऱ्या) ओळींवर पिवळा ठिपका असला, तर त्या डिस्कवर डीफ्रॅग, व्हायरस स्कॅन असलं काहीही चालवू नका. आधी डेटा काढून घ्या. आपल्याकडं लाइट कशी जाते-येते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रब्बीत मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, डिस्क लिहीत असतानाच मशीन धाडकन बंद होतं, आणि त्यातूनच डिस्कवरच्या फाइली आणि सेक्टर खराब होतात. तुमच्या यूपीएसची बॅटरी खरंच जिवंत आहे का तेही बघा. प्लग काढल्यावर दोन मिनिटंही तग धरत नसेल, तर तो नावालाच ठेवलाय.

रॅमचं म्हणाल, तर ४ जीबी कमीच आहे, दुकानवाल्याचं तेवढं बरोबर. पण क्रम बघा. मेमरी भरली की विंडोज डिस्कवरच काम ढकलतं, आणि डिस्क फिरती असली की पुन्हा तेच रडगाणं. म्हणून पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी एसएसडी, मग रॅम. २५६ जीबीची पुरते, बिल आणि वॉरंटी घेऊनच घ्या. तुमच्या पिढीच्या बोर्डला डीडीआर३ रॅम लागते, डीडीआर४ बसतच नाही. मदरबोर्ड एच८१ चिपसेटचा असला तर डिस्क जोडायच्या चार साटा पोर्टपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात, एसएसडी त्यातल्याच एकावर लावायला सांगा. आणि सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये सिस्टिम टाइप बघून घ्या. विंडोज ३२ बिटचं असलं तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम फुकट जाते.

पंख्याचं कारण वेगळं आहे. परभणी-सेलूचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढं जातो, त्यात मळणीची धूळ आणि जिनिंगकडून उडणारा कापूस. हे सगळं पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत नमद्यासारखं घट्ट बसतं, पंखा काढल्याशिवाय दिसतही नाही. प्रोसेसर तापला की तो जीव वाचवायला स्वतःचा वेग पाडतो. दुपारी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्येच सीपीयूचा (प्रोसेसरचा) स्पीड बघा. कामाच्या भरात तो ३ गिगाहर्ट्झच्या वर हवा. ०.८ वर अडकून बसला, तर हेच कारण. प्लग काढा, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा (तसाच जोरात फिरू दिला तर खराब होतो), प्रोसेसरवरची जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. खर्च नगण्य, फरक त्याच दिवशी कळतो.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून प्रिंटरचे अपडेटर, टोरंट असलं सगळं डिसेबल करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. ‘पीसी फास्ट करा’ म्हणणारी सॉफ्टवेअरं मात्र अजिबात टाकू नका, त्यांचाच भार होतो.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. फक्त फॉर्म आणि अभ्यास असता तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम सुचवलं असतं. टॅली आहे म्हणून विंडोजच ठेवा, पण बँकेचं काम त्यावर करू नका.

क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून टाका, ०५ आणि सी५ समोरचे आकडे दिसतील असा. त्यावरून जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायची (क्लोन करायची) की एसएसडीवर विंडोज नव्यानं टाकायचं ते सांगतो.