कॅमेरा आधी की माईक आधी?

प्रश्न : दादा, मला दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करायचीये. दोनच पात्रं आहेत आणि सगळं एका खोलीत घडतं. साठवलेले पैसे अगदी थोडे आहेत, सेकंडहँड डीएसएलआर घेतला तर सगळे त्यातच जातील. फोन बरा आहे माझा, ४के शूट होतं, पण मित्र म्हणतात फोनवर केलेली फिल्म फिल्म वाटत नाही. काय करू?

उत्तर : फोनवरच कर. तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये, तुझी गोष्टच तशी आहे. दोन माणसं एका खोलीत बोलतायत म्हणजे सगळा भार संवादांवर आला ना, आणि बघणारा माणूस थोडं दाणेदार चित्र चालवून घेतो पण पात्र काय बोलतंय तेच कळत नसेल तर तो थांबत नाही. त्यामुळे पहिले पैसे माईकवर घाल.

आता माईक म्हटलं की सगळे शॉटगन (लांब नळीसारखा माईक) घेतात आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवतात, तिथेच गडबड होते. माईक किती भारी यापेक्षा तो तोंडापासून किती लांब आहे हे जास्त महत्त्वाचं. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पण भिंतींवरून परत येणारा घुमारा जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे दोन मीटरवरचा माईक अर्ध्या मीटरवर आणलास की तोच माईक कितीतरी स्वच्छ ऐकू येतो. म्हणून तुझ्यासाठी वायरवाले दोन साधे कॉलर माईक बेस्ट. एक कुणाच्या तरी जुन्या फोनला लाव, दुसरा दुसऱ्या फोनला, दोन्ही एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डर ॲप चालू करायचं आणि फोन नटांच्या खिशात. टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, एडिटला ती टाळी जुळवली की आवाज आणि ओठ जुळतात. टेक फार लांब ठेवू नकोस, वेगवेगळ्या डिव्हाइसांवरचा आवाज आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकतं. घेताना पिन बघून घे. काळ्या रेघा तीन असतील तर ती फोनची, दोन असतील तर सहसा कॅमेऱ्याची, चुकीची घेतलीस तर फोन माईक ओळखतच नाही आणि स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करत बसतो. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर लागेल. काही घ्यायच्या आधी घरी एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐक, खोली किती घुमते ते लगेच कळतं. घुमत असेल तर कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या भिंतींना जाड पांघरुणं लाव, गादी उभी कर. पंखा बंद, फ्रीज बंद (साउंडवाले स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतात, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही, फार चांगली सवय आहे ही). आणि निघायच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून शांत खोलीचा अर्धा मिनिट आवाज घे, कट लपवायला तो लागतोच.

मित्रांना जे "फोनसारखं" वाटतं ना, ते बहुतेक वेळा ऑटो मोडमुळे. पात्र हललं की उजेड कमीजास्त होतो, रंग बदलतो, फोकस शोधत बसतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट आहे, तुझ्या फोनवर चालतंय का बघ, त्यात एक्स्पोजर (उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंग) सगळं लॉक होतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेव. वीज ५० हर्ट्झची असेल तर याने दिवे लुकलुकत नाहीत, ६० हर्ट्झ असेल तिथे ३० फ्रेम आणि १/६०. डिजिटल झूम अजिबात नको, मेन लेन्स वापर आणि स्वतःच पात्राच्या जवळ जा.

लाइटसाठी आधी खिडकी बघ. पात्राला खिडकीच्या बाजूला बसव, चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धर, आतली ट्यूब बंद कर कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की स्किन विचित्र दिसते. ऊन सरकत राहतं, तेव्हा एका बाजूचे सगळे शॉट सलग उरकून मग दुसऱ्या बाजूला वळ. पैसे उरले तर एक एलईडी, पण बॉक्सवर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त आहे का बघ. ट्रायपॉड जड घे. गिंबल (चालताना फोन स्थिर ठेवणारा दांडा) या फिल्मला नकोच.

आणि खरंच कॅमेरा हवाच असेल तर विकत कशाला, शूटपुरता भाड्याने मिळतो का बघ, उरलेले पैसे नटांच्या जेवणावर घाल.

प्रश्न : पहिली लेन्स ५० एमएम, एफ १.८ घ्यावी असं सगळे सांगतात. घेऊ का?

उत्तर : लेन्स छान आहे, स्वस्त आहे, कमी उजेडात काम देते. पण तुमचा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर ती ७५-८० एमएमसारखी दिसते, म्हणजे चित्र जास्त जवळचं येतं आणि छोट्या खोलीत तुमची पाठ भिंतीला टेकली तरी दोन माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. तुमच्याकडची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) १८-५५ असेल तर ती आधी ५० वर लॉक करून आठवडाभर फक्त तेवढ्यावरच शूट करा, मग २४ वर तसंच करा. ज्या आकड्यावर तुम्ही सारखे परत येता ती तुमची लेन्स.

प्रश्न : लॅपटॉप जुना आहे, ४के फुटेज अडकत चालतं. नवा घ्यावा लागेल का?

उत्तर : थांबा, आधी प्रॉक्सी करून बघा. एडिटिंगचं सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन असो की केडेनलाइव्ह, दोन्हींत मूळ क्लिपची हलकी कॉपी बनवता येते, एडिट त्या कॉपीवर करायचं आणि एक्स्पोर्टला मूळ फाइल वापरायची. रिझॉल्व्ह जुन्या ग्राफिक्सवर रडतं, तिथे केडेनलाइव्ह बरं. तुमचं काम फक्त ऑनलाइन बघितलं जाणार असेल तर सरळ १०८० वरच शूट केलं तरी चालतंय. पैसे घालायचेच तर हार्ड डिस्कवर घाला, आणि दोन घ्या. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फुटेज मिनिटाला साधारण ७५० एमबी खातं, म्हणजे तासाला ४५ जीबी, आणि कार्ड फॉरमॅट करायच्या आधी दोन्ही डिस्कवरच्या क्लिप उघडून, मधूनच चालवून बघायच्या.