‘व्हय म्हाराजा’ ते ‘अध्यक्ष महाराज’

लावणी आटपली, पाऊस काही थांबत नाही, घरात बसून लोक टीव्हीवर अधिवेशन बघतात आणि मग मला प्रश्न पाठवतात. या वेळी निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच खुर्चीबद्दल आलेत, म्हणून आजची अख्खी पानं तिलाच.

प्रश्न (कुडाळ) : काका, लोकसभेचे अध्यक्ष स्वतः भाषण करताना कधी दिसत नाहीत, नुसतं ‘बैठिए, बैठिए’ चालू असतं. मग इंग्रजीत त्यांना स्पीकर का म्हणायचं?

कुडाळच्या माणसाने हे विचारावं म्हणजे कमाल झाली, अहो उत्तर तुमच्याच देवळात आहे. जत्रेला किंवा शिमग्याला गाऱ्हाणं घालताना बघा एकदा नीट. गावकर पुढे उभा राहतो, हातात नारळ, आणि ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो, मग मुंबईला नोकरीला असलेली पोरं, गुरंढोरं, आजारी माणसं, रखडलेली लग्नं असं सगळ्या गावाचं एकेक देवापुढे मांडत जातो आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यात गावकराचं स्वतःचं काही नसतं. त्याच्या घराचे कौल गळत असतील तरी तो ते मध्ये घुसवत नाही, घुसवलेच तर मागून ‘व्हय’ येणार नाही, खोकल्याचे आवाज येतील.

इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाचा स्पीकर हा असा गाऱ्हाणं घालणाराच होता. सभासदांचं काय म्हणणं आहे ते राजापुढे जाऊन बोलून दाखवायचं, म्हणून स्पीकर. ही पदवी पहिल्यांदा मिळाली ती सर थॉमस हंगरफर्ड यांना, १३७७ साली. फरक एवढाच की आपला देव नारळावर खूश होतो, तिकडे राजा समोर बसलेला असायचा आणि गाऱ्हाणं नाही आवडलं तर पंचाईत. १३९४ ते १५३५ या काळात सात स्पीकरांची मुंडकी उडाली. सगळ्यांचीच काही निरोप सांगितला म्हणून नाही, त्या काळच्या राजकारणाच्या भानगडी पण होत्या, पण एवढं ऐकल्यावर त्या खुर्चीत आपणहून कोण बसेल? म्हणून निवडलेल्या माणसाला ओढत नेऊन बसवायचे आणि तो जरा आढेवेढे घ्यायचा. तिकडे अजूनही ते नाटक करतात. आपल्याकडे पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते नव्या अध्यक्षांना खुर्चीपर्यंत घेऊन जातात ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, ते याच ओढाओढीचं आपलं सभ्य रूप.

एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ४ जानेवारी १६४२, राजा पहिला चार्ल्स शिपाई घेऊन थेट सभागृहात घुसला, पाच सभासदांना पकडायला. ते आधीच पसार झालेले. राजाने स्पीकर विल्यम लेंथॉलला विचारलं, कुठे आहेत ते? लेंथॉल गुडघे टेकून बसला पण उत्तर असं दिलं की महाराज, या जागी मला बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, हे सभागृह सांगेल तेवढंच. राजा हात हलवत परत गेला. म्हणजे गावकर देवाचा नाही, गावाचा, हे त्या दिवशी ठरलं.

आणि आपल्या विधानसभेत आमदार समोरच्या मंत्र्यावर कितीही तापलेला असला तरी वाक्य सुरू करतो ‘अध्यक्ष महाराज’ म्हणून, थेट एकमेकांशी बोलायचंच नाही, सगळं खुर्चीमार्फत. लोकसभेत तर आत येताना-जाताना खुर्चीकडे वाकून मान द्यायचा, बोलणारा सभासद आणि खुर्ची यांच्या मधून जायचं नाही, अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने गप खाली बसायचं, असे लेखी नियम आहेत. ते पाळतात किती, ते तुम्ही बघताच.

प्रश्न (चिपळूण) : आमच्या सुमित्राताई सोडून कोकणातलं अजून कोण त्या खुर्चीत बसलंय का?

सुमित्रा महाजन जन्माने चिपळूणच्या, लग्न होऊन इंदूरला गेल्या आणि तिकडून सलग आठ वेळा निवडून आल्या, २०१४ ते २०१९ लोकसभा अध्यक्ष. हे तुम्हाला माहीतच आहे. मनोहर जोशी रायगडातल्या नांदवीचे, आधीचे अध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेल्यानंतर २००२ मध्ये ते अध्यक्ष झाले.

पण मला खरं सांगायचंय ते दादासाहेब मावळंकरांबद्दल, गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. आयुष्य गेलं अहमदाबादला म्हणून लोक त्यांना गुजरातचे धरतात, पण घराणं मूळचं संगमेश्वरातल्या मावळंगे गावचं आणि शाळा काही काळ राजापूरला. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष, मग दिल्लीला. १९५२ मध्ये लोकसभेत निवडणूक झाली तेव्हा समोर उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे, म्हणजे पहिल्याच अध्यक्षपदासाठी दिल्लीत दोन मराठी आडनावं समोरासमोर. मतं ३९४ विरुद्ध ५५.

आता गंमत बघा, एवढ्या मोठ्या माणसावर १९५४ च्या डिसेंबरात पदावरून काढण्याचा ठराव आला. घटनेत नियम आहे की असा ठराव चर्चेला असताना अध्यक्षाने खुर्चीत बसायचं नाही, स्वतःचं म्हणणं सभासद म्हणून मांडायचं. त्याप्रमाणे खुर्चीत उपाध्यक्ष बसले, चर्चा झाली, ठराव पडला. मला हे फार आवडतं, पहिल्याच अध्यक्षाला हे बघावं लागलं म्हणजे पुढच्या कोणाला कमीपणा वाटायचं कारण उरलं नाही.

प्रश्न (दापोली) : अध्यक्ष निःपक्ष असतो म्हणतात, मग तो पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो आणि पक्षातच राहतो हे कसं? राग येऊ देऊ नका, पण हे सगळं थोतांड वाटतं.

राग कसला, मलाही अधूनमधून वाटतं. इंग्लंडात स्पीकर झाला की पक्ष सोडतो, कायमचा, आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे १९६७ ला नीलम संजीव रेड्डींनी अध्यक्ष झाल्यावर पक्षाचा राजीनामा दिला. पण दोन वर्षांत ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला गेले आणि तो पायंडा तिथेच राहिला. दुसरं उदाहरण उलटं, सोमनाथ चॅटर्जी. २००८ मध्ये त्यांच्या पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला, त्यांना सांगितलं खुर्ची सोडा, ते म्हणाले मी सभागृहाचा अध्यक्ष आहे, नाही सोडत. विश्वासदर्शक ठराव त्यांनी चालवला आणि दुसऱ्याच दिवशी पक्षाने त्यांना काढून टाकलं.

बरं, पक्ष सोडला तर पक्षांतरबंदी कायद्यात अडकतील असं म्हणायचीही सोय नाही, कारण १९८५ चं ते घटनेचं दहावं परिशिष्ट आहे ना, त्यातच लिहिलंय की अध्यक्ष झालेल्या माणसाने पक्ष सोडला आणि पद गेल्यावर परत आला तरी तो अपात्र होत नाही. दार उघडं ठेवलंय, जायचं कोणी नाव घेत नाही. आणि त्याच परिशिष्टाने कोण अपात्र कोण पात्र हे ठरवायचं काम पण अध्यक्षाकडेच दिलंय, म्हणजे घरचीच भांडणं आणि घरचाच पंच. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अध्यक्षाच्या त्या निकालाची तपासणी कोर्टात होऊ शकते असं सांगितलं, तेवढा आधार. माझं मत विचाराल तर हे काम त्या खुर्चीकडून काढून घ्यावं, मान त्याने वाढेल, कमी होणार नाही.

प्रश्न (अलिबाग) : अध्यक्षाला मत असतं का?

पहिल्या फेरीत नाही. दोन्हीकडे मतं समान पडली तरच त्याचं निर्णायक मत. १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० ने पडलं तेव्हा एक मत इकडचं तिकडे नाही, विरोधातलं नुसतं एक कमी पडलं असतं तरी बरोबरी होऊन सगळं बालयोगींवर आलं असतं. त्याच मतदानात गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री असून खासदारही होते, त्यांनी मत द्यावं की नाही यावर बालयोगींनी ते त्यांच्या सदसद्विवेकावर सोडलं, आणि गमांगांनी दिलं.

आमच्या गावच्या ग्रामसभेत मात्र असं आहे की नळपाण्याच्या विषयावर सरपंच स्वतःच खुर्चीवरून उठून खालच्या वाडीशी भांडायला गेले, अर्धा तास खुर्ची रिकामी, तिच्यावर कोणीतरी छत्री सुकत ठेवली, आणि ठराव मंजूर झाला असं आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

प्रश्न (रत्नागिरी) : सभापती आणि अध्यक्ष एकच ना?

नाही. विधानसभा, लोकसभा म्हणजे अध्यक्ष. विधान परिषद, राज्यसभा म्हणजे सभापती, त्यात राज्यसभेचे सभापती हे उपराष्ट्रपतीच असतात. पंचायत समितीलाही सभापती असतो, पण झेडपीला पुन्हा अध्यक्ष. सरकारी मराठी, काय करणार.

प्रश्न (मालवण) : अध्यक्षाला राजीनामा द्यायचा असला तर तो कोणाकडे देतो? राष्ट्रपतींकडे?

नाही, उपाध्यक्षाकडे. आणि उपाध्यक्ष देतो अध्यक्षाकडे. मग तुमचा पुढचा प्रश्न ओळखतो, उपाध्यक्षच नसेल तर? सतराव्या लोकसभेत, २०१९ ते २०२४, पूर्ण पाच वर्षं उपाध्यक्ष निवडलाच नव्हता. घटनेच्या ९३ व्या कलमात तारीख दिलेली नाही, ‘शक्य तितक्या लवकर’ निवडावा एवढंच आहे. खालच्या वाडीला नळ कधी येणार विचारलं की आमच्याकडेही हेच शब्द ऐकायला मिळतात.